गंगेच्या नहराची पटरी : एका निवांत वाटेचा इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी या प्रदेशाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली तेव्हा साहजिकच शुक्रतालचा वेढा आणि दत्ताजी शिंदे हाच विषय प्रथम मनात आला. उत्तरेत राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहास म्हटला की पानिपत आणि त्याच्या मागचेपुढचे दिवसच आठवतात. परंतु त्या विषयावर मराठीत थोर अभ्यासकांनी विपुल लिहिले आहे. त्यात आम्ही नव्याने भर ती काय घालणार? विचार करता करता एक गोष्ट ध्यानी आली. शुक्रतालला आम्ही पहिल्या प्रथम गेलो ते सायकलींवरून, आणि ज्या वाटेने गेलो ती वाट गंगेच्या नहराची पटरी होती. वेढ्याचा इतिहास आपण सारे जाणतो. वाटेचा इतिहास मात्र आपण कधी विचारलाच नाही. म्हणून हा लेख त्या वाटेविषयी.

येथे नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी प्रथम दोन शब्दांचा खुलासा करतो. आपण ज्याला कालवा म्हणतो त्याला इथे नहर म्हणतात, आणि नहरेच्या काठाने मातीचा भराव घालून केलेल्या रस्त्याला पटरी. हरिद्वारला गंगेतून निघालेली ही नहर रुडकी, पुरकाजी, खतौली, सरधना, मुरादनगर अशी दक्षिणेकडे उतरत अलीगढजवळच्या नानू येथे पोहोचते. तिथून तिचे कानपूर आणि इटावा असे दोन फाटे होतात. शेकडो मैलांच्या या प्रवाहाला काठाकाठाने पटरीची साथ आहे. शिसव, जांभूळ आणि आंब्याची सावली, एका हाताला हिमालयातून आलेले गार पाणी, दुसऱ्या हाताला उसाची शेते, आणि मैलचे मैल एकही मोटार नाही, असे या वाटेचे रूप आमच्या पिढीने पाहिले आहे.

या वाटेचा उगम मात्र एका भीषण दुष्काळात आहे. १८३७–३८ साली दुआबात पाऊस पडला नाही. माणसे आणि गुरे रस्त्याच्या कडेला मरून पडली. मृतांचा आकडा आठ लाखांच्या आसपास होता असे मानले जाते. विक्रम संवत १८९४ असल्यामुळे हा दुष्काळ लोकांच्या स्मरणात ‘चौरानवे’ या नावानेच राहिला. दुष्काळात बुडालेला महसूल आणि मदतकार्यावर झालेला खर्च यांचा हिशेब मांडल्यावर कंपनी सरकारला गंगेचे पाणी दुआबात आणण्याच्या योजनेचे महत्त्व पटले. परोपकाराइतकाच त्यामागे हिशेबही होता, हे सांगितले पाहिजे.

हे काम बंगाल तोफखान्यातील प्रोबी टॉमस कॉटली या अधिकाऱ्याकडे आले. कॉटलीने कोणत्याही महाविद्यालयात स्थापत्यशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले नव्हते. यमुनेच्या जुन्या कालव्यांच्या दुरुस्तीत राबून तो हे शास्त्र शिकला होता. शिवालिकच्या टेकड्यांत सापडलेल्या प्राचीन प्राण्यांच्या अश्मीभूत अवशेषांवर त्याने ह्यू फाल्कनरच्या बरोबरीने केलेले काम जगन्मान्य झाले होते. सहा महिने पायी आणि घोड्यावरून हिंडून त्याने साऱ्या मार्गाची पाहणी केली आणि एप्रिल १८४२ मध्ये खोदकाम सुरू झाले.

कॉटलीने नहरेचा मार्ग कसा निवडला, हे सायकलस्वाराने अवश्य समजून घ्यावे. कारण पटरीवरच्या सुखाचे मूळ तिथे आहे. गंगा आणि यमुना यांच्या मधल्या भूमीचे इथले शेतकरी दोन भाग करतात. नदीकाठची सखल, पुराखाली जाणारी जमीन ती खादर, आणि मधली उंचवट्याची जमीन ती बांगर. पाणी उंचावरून नेले तर ते दोन्ही बाजूंच्या शेतांत आपोआप उतरते, म्हणून नहर बांगरच्या पाठीवरून, दोन खोऱ्यांच्या मधल्या उंच रेषेवरून नेली आहे. अशा रेषेला आडवे ओढे फारसे येत नाहीत. नहरेच्या तळाला मैलामागे जेमतेम सव्वा ते दीड फूट उतार ठेवला. जमिनीचा उतार त्याहून अधिक असल्यामुळे उरलेली उंची मोहम्मदपूर, निरगाजनी, चितौरा, सलावा, भोला अशा ठिकाणी पक्क्या धबधब्यांवर एकदम उतरवली आहे. त्यामुळे सायकलस्वाराला ना चढ लागतो ना उतार. दर काही मैलांनी दुरून पाण्याचा घोष ऐकू येतो, धबधबा येतो, सायकल जराशी आपसूक धावते आणि पुन्हा ती सपाट वाट सुरू होते.

अडचण होती ती पहिल्या वीस मैलांची. हरिद्वार ते रुडकी या टापूत शिवालिकमधून उतरणारे पहाडी ओहोळ नहरेला आडवे येतात. उन्हाळ्यात ते कोरडे वाळवंट असतात आणि श्रावणात घटकाभरात रौद्र रूप धारण करतात. कॉटलीने त्यांच्यासाठी तीन निराळे उपाय योजले. राणीपूर आणि पथरी येथील ओहोळ त्याने पूल बांधून नहरेच्या डोक्यावरून नेले. धनौरीला रतमऊचा ओहोळ नहरेच्या पातळीवरच येतो, म्हणून तिथे एका बाजूने त्याला आत घेऊन दुसऱ्या बाजूच्या दारांतून बाहेर सोडले. आणि रुडकीला सोलानी नदीच्या डोक्यावरून साक्षात नहरच नेली. पन्नास फूट गाळ्याच्या पंधरा कमानींचा हा जलसेतू, त्याच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या सिंहांच्या जोड्यांसह, आजही उभा आहे. वर नहर आणि खाली नदी, असा देखावा पाहून आपल्यापैकी कोणाचे मूल ‘बाबा, खरी गंगा कोणती?’ असे विचारील, तर त्याचे नवल वाटू नये.

या जलसेतूसाठी माती वाहून नेण्यास विलायतेहून वाफेचे इंजिन आणले होते. २२ डिसेंबर १८५१ रोजी ते रुडकीस धावले. मुंबई–ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे भारतात वाफेचे इंजिन तिच्या आधी सुमारे सोळा महिने इथे धावले होते. मात्र ती उतारूंची गाडी नव्हती आणि ते इंजिनही काही महिन्यांतच निकामी झाले. तेव्हा आपल्या बोरीबंदरच्या मानाला धक्का लागत नाही. विटा भाजणारे कुंभार, चुना मळणारे मजूर आणि जागेवरच शिकून तयार झालेले गवंडी हे या कामाचे खरे कर्ते. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत. कामावर देखरेख करणारी माणसे तयार करण्यासाठी रुडकीला १८४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. तेच १९४९ मध्ये विद्यापीठ झाले आणि २००१ मध्ये भारतीय प्रौद्योगिकी संस्था झाले. तिथे शिकण्यास आलेल्या अनेक मराठी मुलांनी गावाकडे पहिले पत्र लिहिले असेल ते याच नहरेच्या काठी बसून!

हरिद्वारच्या पुरोहितांनी गंगेला बांध घालण्यास विरोध केला. बांधात एक फट मोकळी ठेवून गंगेचा ओघ अखंड राखण्याचे कॉटलीने मान्य केले, घाट दुरुस्त करून दिले आणि कामाचा आरंभ गणेशपूजनाने केला, असे नमूद आहे. गणपतीला वंदन करून कार्यारंभ करणाऱ्या या गोऱ्या साहेबाविषयी मराठी वाचकाला थोडी आपुलकी वाटली तर आम्ही त्याला दोष देणार नाही. पुढे नव्या बांधाच्या वेळी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि १९१६ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या पुढाकाराने झालेल्या समेटात गंगेच्या अखंड धारेचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले.

८ एप्रिल १८५४ रोजी रुडकीला नहरेचे उद्‍घाटन झाले. मुख्य प्रवाह ३४८ मैल आणि शाखा ३०६ मैल, एवढे काम बारा वर्षांत उभे राहिले होते. ते निर्दोष मात्र नव्हते. तळाचा उतार ठरवलेल्या मानानेही अधिक निघाला. धबधब्यांच्या खाली पाण्याने तळ उकरला, आणि पुढे बरीच वर्षे दुरुस्त्या कराव्या लागल्या. दक्षिणेत गोदावरीवर धरण बांधणाऱ्या सर आर्थर कॉटन यांनी नहरेचे मुख डोंगराच्या इतक्या जवळ नेण्यावरच टीका केली आणि दोघा वृद्ध अभियंत्यांत मोठे वाग्युद्ध झाले. नहरेतून नावाही चालाव्यात म्हणून धबधब्यांच्या बगलेला दारांचे बंदिस्त टप्पे बांधले होते. आगगाडी आल्यावर नावांची वाहतूक हळूहळू मंदावून थांबली. त्या टप्प्यांच्या जुन्या भिंती मात्र अजून काही ठिकाणी दिसतात.

आता पटरीकडे वळू. ही वाट एवढी शांत कशी राहिली? ती आडबाजूला होती म्हणून नव्हे. या पट्ट्यात दाट वस्ती आहे, गावाला गाव लागलेले आहे. ती शांत राहिली ती कायद्यामुळे. पटरी मुळात नहर खात्याच्या देखरेखीसाठी केलेली. ओव्हरसियरने घोड्यावरून, पुढे सायकलवरून यावे, भराव कुठे खचला, पाणी कुठे झिरपते ते पाहावे, आणि रात्री नहर कोठीत मुक्काम करावा, यासाठी ती होती. बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी भराव चिरला जाईल या भीतीने १८७३ च्या उत्तर भारत कालवे कायद्यात, मनाई केल्यावरही नियमाविरुद्ध पटरीवरून जनावरे किंवा वाहने नेणे हा अपराध ठरवला गेला. ही शांतता कोणी यात्रेकरूंसाठी किंवा सायकलस्वारांसाठी राखली नव्हती. मातीच्या काळजीपोटी ती आपोआप राखली गेली.

सायकलीने मात्र माती चिरत नाही. मंडळाच्या पहिल्या वर्षांतली एक आठवण येथे सांगावीशी वाटते. छावणीतले, बँकांतले, साखर कारखान्यांतले असे आम्ही सात-आठ जण रविवारी पहाटे सायकली काढून नहर गाठत असू. एकदा एका फाटकापाशी वृद्ध चौकीदाराने आम्हाला अडवले आणि परवाना मागितला. परवाना कोणाजवळच नव्हता. त्याने वाकून आमच्या चाकांच्या खुणा पाहिल्या, पायाने माती चाचपली आणि म्हणाला, ‘जाइए बाबूजी, इससे पटरी को कुछ नहीं होता.’ निघताना आमच्या एका वहिनींनी दिलेले थालीपीठ आम्ही त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते कौतुकाने निरखून ‘यह तो मोटी रोटी है’ असा निर्णय दिला. पुढे कित्येक रविवार त्या मोट्या रोटीचा वाटा फाटकावर ठरलेला असे.

सायकलीशी मराठी माणसाचे नातेही जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या लहानशा दुकानातून पुढे केवढा उद्योग उभा राहिला हे सांगणे नको. आम्ही इथे ज्या सायकली वापरल्या त्यांतल्या बहुतेक यमुनेपलीकडच्या सोनीपतच्या ॲटलास कारखान्याच्या. तो कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला होता. त्याच कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला.

नहरेचे एक वैशिष्ट्य आमच्या सणांशी जुळून आले होते. दरवर्षी सफाईसाठी दसऱ्याला नहरेचे पाणी बंद करतात आणि ते दिवाळीच्या सुमारास पुन्हा सोडतात. दसऱ्याला घरोघर सायकलींना झेंडूच्या माळा पडत. आपटा इथे मिळत नाही, म्हणून त्याच्याच कुळातल्या कचनाराची पाने आम्ही सोने म्हणून वाटत असू. दुसऱ्या दिवशी फुलांसकट सायकली नहरेवर निघत. पाणी उतरलेल्या तळात डबकी चमकत, मुले मासे धरत, आणि धबधब्यांचे उघडे पडलेले बांधकाम जवळून पाहता येई. दीडशे वर्षांपूर्वीच्या विटा आपल्या मुलांनी हात लावून पाहाव्यात, अशी ती एकच संधी.

अशाच एका सहलीत निरगाजनीहून पूर्वेची वाट धरून आम्ही शुक्रतालला गेलो. बांगरचा कडा उतरून खादरात आले की दत्ताजीची अडचण पुस्तकाविना समजते. गंगा ओलांडून पूर्वेकडे जाण्यासाठी नावांचा पूल हवा होता. तो बांधून देण्याचे वचन नजीबखानाने दिले आणि महिनेच्या महिने दत्ताजीला झुलवत ठेवले. १७५९ चा पावसाळा त्यातच गेला. भुसभुशीत, घळींनी चिरलेल्या, पाण्याने वेढलेल्या या भूमीवर मराठ्यांचे घोडे काय दौडणार? गोविंदपंत बुंदेले नदी ओलांडून गेले, पण अयोध्येच्या नवाबाच्या गोसावी फौजेने त्यांना मागे रेटले. तोवर अब्दाली पंजाबातून येऊन ठेपला. डिसेंबरात वेढा उठला आणि १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर दत्ताजी पडला. त्याचे अखेरचे शब्द प्रत्येक मराठी घरात पाठ आहेत. गंगेचा मुख्य प्रवाह आज शुक्रतालपासून पूर्वेला सरकला आहे. त्या रेताड मातीतून सायकली हाताने ढकलत नेताना आम्हापैकी कोणी फारसे बोलले नाही.

याच पटरीवर पुढे सरधना लागते. तिथले भव्य चर्च बांधणाऱ्या बेगम समरूच्या पलटणी १८०३ मध्ये असईच्या रणात शिंद्यांच्या बाजूने उभ्या होत्या. दुआब आणि मराठवाडा यांना जोडणारा असा धागा एका संथ रविवारच्या प्रवासात हाती लागावा, हा या वाटेचाच गुण.

आता कटू भाग. पटरी आता पूर्वीची राहिलेली नाही. दर वर्षी हरिद्वारहून गंगाजल घेऊन लक्षावधी कावडिये पायी परततात. त्यांच्या सोयीसाठी एका काठाची पटरी रुंद व डांबरी झाली, आणि यात्रेचे दिवस सरले की उरलेले वर्षभर तिच्यावरून मोटारी धावू लागल्या. मग दुसऱ्या काठालाही गाझियाबाद, मेरठ आणि मुझफ्फरनगर या जिल्ह्यांतून सुमारे १११ किलोमीटरचा रस्ता करण्याची योजना आली. तिच्यासाठी एक लाखाहून अधिक झाडे तोडण्याचा प्रस्ताव होता. २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याची स्वतःहून दखल घेतली, पण हजारो झाडे पडलीच.

या बाबतीत कावडियांना दूषण देणे आम्हास मान्य नाही. आषाढीला वारी पंढरपुरी पोचते, आणि पौर्णिमा उलटताच उत्तरेचा श्रावण लागून कावड निघते. आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी. एक यात्रा संपते तेव्हा दुसरी सुरू होते. वारकऱ्यांच्या मुलखातून आलेल्यांनी पायी चालणाऱ्याचे मोल कोणाकडून शिकावे? अनवाणी चालणाऱ्या यात्रेकरूला तरी सावलीच हवी असते. त्याच्या नावाने सावली तोडून मोटारींना वाट देण्यात त्याचे काय हित साधते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

इतर देशांत काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत नेलेला सुमारे २४० किलोमीटरचा मिदी कालवा १६८१ मध्ये खुला झाला. घोड्यांनी नावा ओढण्यासाठी त्याच्या काठाने वाट होती. नावांची मालवाहतूक संपल्यावर ती निरुपयोगी वाट पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना मिळाली. २००६ मध्ये तिथल्या चिनार जातीच्या वृक्षांना असाध्य रोग जडल्याचे आढळले. हजारो वृक्ष तोडावे लागले, पण त्यांच्या जागी नवे वृक्ष लावण्याचे काम चिकाटीने चालू आहे. डॅन्यूबच्या काठीही पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत नावा ओढणाऱ्या घोड्यांच्या जुन्या वाटेचे असेच सायकलमार्गात रूपांतर झाले आहे. तिथे निकामी झालेल्या वाटेला नवा उपयोग मिळाला. आपल्याकडे जी वाट शंभर वर्षे जपून ठेवली होती, तीच मोटारींना मोकळी करून दिली.

तरीही सारे संपलेले नाही. मुख्य नहरेची पटरी गजबजली असली तरी तिच्यातून फुटणाऱ्या राजवाह्यांच्या, म्हणजे लहान वितरिकांच्या, कित्येक पटऱ्या अजून कच्च्या आणि निवांत आहेत. माती भिजलेली असते, बगळे उभे असतात आणि सायकलच्या साखळीखेरीज दुसरा आवाज नसतो. मंडळाच्या तरुणांनी एखाद्या थंडीत, उसाचे गुऱ्हाळ पेटलेले असताना, या वाटांनी अवश्य जावे. जुन्या सभासदांना आमची विनंती अशी की, कोणत्या फाटकापाशी कोणते झाड होते, कोणत्या कोठीत पाणी गोड होते, हे त्यांनी आठवेल तसे लिहून मंडळाच्या दप्तरी द्यावे. झाडे कुठे होती हेच कोणाला ठाऊक नसेल, तर ती पुन्हा लावा असे म्हणणार तरी कोण?

आपण परमुलखात राहतो असे आपण पन्नास वर्षे म्हणत आलो. पण ज्या नहरेचे पाणी आपण प्यालो, जिच्या काठाने आपण मुलांना सायकल चालवायला शिकवले, जिच्या पाण्यात आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांच्या अस्थीही विसर्जित झाल्या, तिचा मुलूख परका कसा म्हणावा? सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी मंडळाच्या पुढच्या पन्नास वर्षांना आम्ही मनःपूर्वक शुभेच्छा देतो. त्या वर्षांत नहरेच्या पटरीवर पुन्हा सावली धरावी, एवढीच गंगामाईच्या चरणी प्रार्थना.